निळ्या बिल्ल्यांची पंगत

पेठ वडगावच्या बाहेर, माळावर, रानग्यांची वस्ती आहे. सात घरं, एक हापसा, दोन कडुनिंब आणि साडेतीनशे मेंढरं. या वस्तीवर धोंडुबाई रानगे राहते. तिला वय विचारलं तर ती सांगते, "दुष्काळात जलमली." कुठल्या दुष्काळात म्हणून विचारलं तर म्हणते, "दुष्काळ काय एकच पडला व्हय?" तेव्हा आपण आपलं साठीच्या पुढं धरून चालावं. अंगानं किरकोळ, आवाजानं दांडगी. तिनं वस्तीवरून मेंढराला हाक मारली की खालच्या रस्त्यावरचे मोटारसायकलवाले गाडी हळू करतात, आपल्यालाच कुणी बोलावलं की काय म्हणून.

गावात तिचं नाव झालं ते मात्र मेंढरांमुळं नाही, पंगतीमुळं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावच्या जत्रेचं जेवण चाललं होतं आणि वाढपी मटणाच्या रश्शाच्या बादल्या घेऊन फिरत होते. पुढाऱ्यांच्या ओळीत पळी बादलीच्या तळाला जायची आणि वर येताना चार-चार फोडी घेऊन यायची. पलीकडं ऊसतोड्यांच्या आणि गड्यांच्या ओळीत तीच पळी वरच्या वर फिरायची. ताटात नुसता रस्सा, त्यात आपलं तोंड बघावं आणि भाकरी बुडवावी. धोंडुबाई बायकांच्या पंगतीत होती. तिच्या ताटात तीन चांगल्या फोडी पडल्या होत्या, म्हणजे तिची स्वतःची काही तक्रार नव्हती. पण ती उठली, वाढप्याच्या हातातली बादली हिसकावली, पळी तळापर्यंत घालून गरागरा ढवळली आणि म्हणाली, "आधी असं ढवळायचं, मग वाढायचं. देव जेवालाय तुज्या पंगतीत. कुणाच्या ताटात काय पडलं ते त्येला दिसतंय." मग ती सगळी ओळ तिनं स्वतः वाढली. पुढाऱ्यांतले दोघं-तिघं रुसून उठले. त्यांच्या ताटातल्या फोडीही तिनं पलीकडच्या ओळीत वाटून टाकल्या.

तेव्हापासून धोंडुबाई पंगतीत दिसली की वाढपी न सांगता बादली ढवळायला लागतात. तिचा कायदा साधा आहे. माणसानं एखाद्या वेळी खोटं बोललं तर चालेल, चार शिव्या दिल्या तर चालतीलच. पण एका ओळीत बसवून एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं, हा पंक्तिभेद, त्याला माफी नाही.

अशा बाईच्या दारात अनुजा आली, ती मेंढरांचे ढेकर मोजायला.

नोव्हेंबरातली सकाळ होती. स्कूटरवरून एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी उतरली, पाठीला पिशवी, डोक्याला रुमाल.

"कोण पावणं? कुणाकडं आलासा?" धोंडुबाईनं विचारलं.

"मावशी, मी कोल्हापूरहून आले. मी मेंढ्यांच्या ढेकरांवर पीएचडी करते आहे."

धोंडुबाईनं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि घराकडं तोंड करून मुलाला हाक मारली, "कृष्णात, जरा भाईर ये. ही पोरगी शिकल्यासारखी दिसतीया, पर ढेकर मोजती म्हणती."

कृष्णात बाहेर आला. त्यानं कुठंतरी मोबाइलवर बघितलं होतं. "हां, त्यो ग्यास. पर त्यो खालनं येतोय न्हवं?"

"तुजा खालनं येत आसंल," धोंडुबाई म्हणाली. "मेंढरू रवंथ करतंय तवा ढेकर देतंय, तोंडानं. जलम गेला मेंढरात आन् हेला ठावं न्हाय."

अनुजाला हसू आलं आणि बरंही वाटलं. कारण कॉलेजात तिचे निम्मे मित्र अजून कृष्णातच्याच मताचे होते.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. मेंढीला गवत स्वतः पचवता येत नाही. ते पडतं पहिल्या पोटात, कोठीपोटात, आणि तिथं कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात, ते त्या गवताला आंबवून मेंढीसाठी शिजवल्यासारखं करून देतात. त्यांतलीच एक जात मिथेन नावाचा वायू तयार करते. मेंढी तो ढेकरातून सोडते. तो हवेत जातो आणि हवा तापते.

धोंडुबाईनं खालच्या रस्त्याकडं बोट केलं. तिथं उसाचा एक ट्रक काळा धूर ओकत चढ चढत होता. "आन् त्यो काय धूप जाळत चाललाय व्हय?"

"त्याच्यानंही तापते, मावशी. पण माझा विषय मेंढी आहे."

"बरोबर हाय. ट्रकवाला कशाला जवळ येऊ देतोय. मेंढरू गरीब."

मग अनुजानं दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती मात्र वर्मी बसली. मेंढी शंभर घास खाते त्यांतल्या सहा-सात घासांचा कस या वायूपायी ढेकरातून फुकट जातो. ना अंगाला लागत, ना दुधाला.

"शंभरात सहा-सात?" धोंडुबाई उठून उभीच राहिली. उन्हातान्हात मैलोन् मैल फिरून तिनं चारलेलं गवत, आणि त्यातलं इतकं आपलं ढेकरात! चाळीस-पन्नास वर्षांचे घास तिच्या डोळ्यांसमोरून उडून गेले. "मग करायचं काय त्या जीवांस्नी?"

अनुजानं पिशवीतून एक पुडी काढली. चिंचोक्याच्या टरफलांची पूड आणि आणखी दोन-तीन झाडपाल्याच्या वस्तू. ती पोटात गेली की मिथेन करणारे जीव कमी होतात, असा तिचा अंदाज होता. त्या अंदाजामागं दोन वर्षं गेली होती.

"चिंचोक्याची आमी घोंगड्याला खळ लावतोय," धोंडुबाई म्हणाली. "टरफलं टाकून देतोय. तू मेंढराच्या पोटाला खळ लावाय आलीस व्हय!"

"मावशी, पुडीनं ढेकर कमी झाले तर मला पीएचडी मिळेल. नाही झाले तर दोन वर्षं पाण्यात. मॅडम म्हणाल्यात, मग विषय सोडायचा आणि नवा धरायचा."

"हुत्यात कमी. हुत न्हाईत म्हंजी काय?" धोंडुबाई म्हणाली. त्याच संध्याकाळी तिनं बिरोबापुढं नारळ ठेवला आणि मेंढरांचे ढेकर उतरू देत म्हणून नवस बोलली. बिरोबानं आजवर बरेच नवस ऐकले असतील, हा त्याला नवाच असणार.

वस्तीवर वीस मेंढ्या वेगळ्या काढल्या. दहांच्या कानाला लाल बिल्ले, दहांच्या कानाला निळे. दोन वाघरी लावल्या, म्हणजे जाळीची दोन कुंपणं, मधून माणूस जाईल एवढी वाट. बाकीची मेंढरं घेऊन कृष्णात शेतोशेत फिरायला मोकळा, आणि या वीसांची राखण धोंडुबाईकडं.

पहिल्या मोजणीला सगळी वस्ती लोटली. अनुजानं टेम्पोतून एक पारदर्शक पेटी आणली होती, कपाटाएवढी. तिच्यात मेंढी उभी करायची, दार लावायचं, आणि पाऊण तासात तिनं किती वायू सोडला ते यंत्र सांगायचं. मेंढी आत शिरली, तिनं चारी बाजूंच्या माणसांकडं बघितलं, आणि लाजल्यासारखी गप्प उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोक यंत्रावरच्या आकड्याकडं डोळे लावून बसले. मग मेंढीनं गळ्यातून एक गोळा वर आणला, चघळायला लागली, आणि आकडा हलला. वस्तीवर असा गलका झाला, जणू पठ्ठ्यानं चितपट कुस्ती मारली. मेंढी बिचकली आणि आकडा पुन्हा थांबला. तेव्हा धोंडुबाईनं सगळ्यांना हाकलून लावलं. "बाळंतिणीच्या खोलीत बसतासा काय आसं? चला, उठा."

नंतर अनुजानं एका मेंढीच्या तोंडातून नळी घालून कोठीपोटातला थेंबभर रस काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. धोंडुबाईनं एक डोळा मिटून आत बघितलं. आत पांढुरके, केसाळ, गोलमटोल जीव एकमेकांना ढुसण्या देत पळत होते. मग तिनं दुसरा डोळा लावूनही बघितलं.

"ही तर मेंढरंच हायती की," ती शेवटी म्हणाली.

"हे मिथेनवाले नव्हेत, मावशी. मिथेनवाले याहून बारीक. ते यांच्या अंगाला चिकटून राहतात, म्हणून इथं दिसत नाहीत."

"म्हंजी गोचीड." धोंडुबाईनं डोळा काढला. "मेंढराच्या पोटात मेंढरं, आन् त्या मेंढरांस्नी गोचीड. देवानं कुठं म्हणून जागा सोडली न्हाय बग."

आता खरी गोष्ट लाडवांची. अनुजा दर शनिवारी यायची आणि वस्तीवरच गूळ, भुसा आणि उसाची मळी एकत्र करून आठवड्याचे लाडू वळायची. सत्तर लाडवांत मोजून पूड घालायची, ते लाल डब्यात. सत्तर लाडू तसेच, पुडीशिवाय, ते निळ्या डब्यात. रोज सकाळी लाल बिल्ल्याला लाल डब्यातला एक आणि निळ्या बिल्ल्याला निळ्या डब्यातला एक. मोजणी करायची ती फक्त पहिल्या दिवशी आणि नव्वदाव्या दिवशी, कारण ती पेटी कॉलेजात आणखी चार जणांना लागायची.

"लालचं लालला, निळ्याचं निळ्याला. एवढं चुकायचं नाही, मावशी."

"चुकाय मी काय ल्हान हाय?" धोंडुबाई म्हणाली.

पहिले सात दिवस ती खरंच चुकली नाही. पण तिच्या मनाला ते खटकत होतं. मेंढ्या शेजारी-शेजारी, मध्ये नुसती जाळी, वाढणारे हात तेच, आणि एका ओळीच्या लाडवात औषध, दुसऱ्या ओळीचा लाडू पोकळ. निळ्यांत एक बांडी मेंढी होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, बांडीनं आपला लाडू खाल्ला आणि जाळीतून तोंड काढून पलीकडच्या लाडवाकडं बघितलं. मेंढरू बघतं तेव्हा बहुतेक ते कशाकडंच बघत नसतं, हे धोंडुबाईला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक. तरीही तिला त्या नजरेत जाब दिसला. ही शिकलेली पोरगी, गुणाची, चहा पिताना आधी शेजारच्याला कप देणारी, तिच्या हातून असा पंक्तिभेद कसा झाला? तिला वाटलं, पूड कमी पडत असणार. पोरगी लाजून सांगत नसणार.

तिनं परात घेतली. लाल डबा ओतला, निळा डबा ओतला. पाण्याचा हबका मारला, सगळे लाडू कुस्करले आणि तळहाताच्या टाचेनं मळमळ मळले, खालचं वर आणि वरचं खाली. मग पुन्हा एकसारखे लाडू वळले आणि निम्मे लाल डब्यात, निम्मे निळ्या डब्यात मोजून भरले. शंभरावर लाडू वळायला उन्हं डोक्यावर आली, पण तिच्या जिवाला गार वाटलं. त्यानंतर दर रविवारी सकाळी तिचा हा उद्योग ठरून गेला.

शनिवारी अनुजा विचारायची, "मावशी, बरोबर चाललंय ना?"

"एकाचीबी आबाळ न्हाय," धोंडुबाई सांगायची, आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

फेब्रुवारीअखेर नव्वदावा दिवस उगवला. अनुजाच्या मार्गदर्शक संयोगिता मॅडम मोटारीतून आल्या. इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला गळ्यातली दोरी, बोलणं मोजकं. वीसही मेंढ्या दोन दिवसांत पेटीतून निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अनुजानं कडुनिंबाखाली लॅपटॉप उघडून आकडे भरले. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, एक लाल, एक निळी. दोन्ही थोड्याशा खाली उतरल्या होत्या, आणि उतरल्या होत्या त्या इतक्या बरोबरीनं की एकीखाली दुसरी दिसेना.

अनुजानं आकडे पुन्हा भरले. रेघा तशाच.

मॅडमनी चष्मा काढला. "ज्यांना पूड दिली त्याही उतरल्या आणि ज्यांना नाही दिली त्याही तेवढ्याच उतरल्या. म्हणजे हा चाऱ्याचा नाहीतर हवेचा परिणाम. पुडीचा काही नाही. वाईट वाटतं, अनुजा, पण आता विषय बदल."

अनुजा उठली. पेटीच्या मागं जाऊन उभी राहिली. पेटी पारदर्शक आहे हे तिच्या ध्यानात राहिलं नसावं. तिचे हुंदके सगळ्यांना दिसत होते.

धोंडुबाई चहा घेऊन आली. तिनं मॅडमच्या तोंडून दोन्ही बाजू सारख्या आल्याचं ऐकलं होतं आणि तिची छाती फुगली होती. "रडाय काय झालं पोरी? दोनी सारखं आलं न्हवं?"

"सारखंच आलं, मावशी, म्हणून तर..."

"येणारच की! म्या सारखं वाढलंय."

मॅडमचा कप ओठापाशी थांबला. "म्हणजे काय केलंत तुम्ही?"

मग धोंडुबाईनं काय केलं ते सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, परात आणून, मांडी घालून, कसं मळलं ते करून दाखवलं. अजिबात लपवलं नाही. लपवायचं काय, तिला वाटत होतं आता कुणीतरी शाबास म्हणेल. कृष्णात नुकताच रानातून आला होता. त्याला प्रयोग कळत नव्हता, पण त्या दोघींचे चेहरे बघून त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"मावशी!" अनुजा पहिल्यांदाच ओरडली. "त्या दहा जणींना द्यायचीच नव्हती पूड! मुद्दाम नव्हती द्यायची!"

"मुद्दाम?" धोंडुबाईचे हात परातीतच राहिले. पूड कमी पडत नव्हती. पंक्तिभेद ठरवून केला होता. "आगं, का?"

"त्याशिवाय कळणार कसं, पुडीनं झालं की आपोआप झालं? तुम्ही दोन घोंगडी घेतली, एकाला खळ लावली, एकाला नाही लावली, तरच कळेल ना खळ काय करते ते?"

"घोंगड्याला जीव नसतोय," धोंडुबाई म्हणाली.

अनुजा मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून रडायला लागली, अगदी मोठ्यानं, लहान पोरीसारखी. जत्रेत पुढारी रुसून उठले होते तेव्हा धोंडुबाईची पापणी लवली नव्हती. आता तिनं परात बाजूला सारली. त्या दहांची आबाळ होऊ नये म्हणून ती झटली, आणि जिनं तिच्यावर विश्वास टाकून डबे ठेवले तिच्याच अन्नात तिनं माती कालवली. जीव काय फक्त मेंढरालाच असतो? तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मॅडम मात्र आकड्यांकडं बघत बसल्या होत्या. "सगळ्याच मेंढ्यांना निम्मी मात्रा मिळाली असेल, तर हा उतार पुडीचा असू शकतो," त्या हळू म्हणाल्या. "पण 'असू शकतो' यावर पदवी मिळत नाही. पंधरा-वीस दिवस जाऊ देत, पोटातली पूड निघून जाईल. मग पुन्हा नव्वद दिवस. जूनअखेर शेवट, त्यापुढं मी काही करू शकणार नाही. आणि वाढायला दुसरं माणूस बघ."

"वाढणार मीच," धोंडुबाई म्हणाली. "सांडलंय म्या, पुसणार मीच."

"अहो बाई, तुम्हाला ते जमणार नाही. तुमचा स्वभाव..."

"सोभाव जळू दे. पोरी, तू बोल."

अनुजानं नाक पुसलं. समोरची बाई तिची दोन वर्षं परातीत मळून बसली होती. पण या नव्वद दिवसांत एकही मेंढी आजारी पडली नव्हती, एकही दिवस चुकला नव्हता. आणि विचारल्यावर पदराआड काही न ठेवणारं दुसरं माणूस शोधायचं तरी कुठं?

"मावशीच वाढतील," ती म्हणाली.

मार्चच्या मध्याला दुसरी फेरी सुरू झाली. लालचं लालला, निळ्याचं निळ्याला. पहिल्या दिवशी निळ्या डब्यातला पोकळ लाडू बांडीपुढं धरताना धोंडुबाईनं मान दुसरीकडं फिरवली, तशी बांडीनं लाडवाबरोबर तिचा अंगठाही चावला.

चैत्रात जोतिबाची यात्रा झाली आणि मग आसपासच्या गावांच्या जत्रा लागल्या. आज इकडं जेवण, उद्या तिकडं. धोंडुबाईला सगळीकडून आवतण. आणि लोकांना एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. धोंडुबाई ताटावर बसायची, रस्सा घ्यायची, भाकरी कुस्करायची, आणि ताटात फोड पडली की उचलून शेजारणीच्या ताटात टाकायची. एका जत्रेत झालं, दुसऱ्या जत्रेत झालं, तिसऱ्या जत्रेला चर्चा सुरू झाली.

"माळ घातली वाटतं धोंडुबाईनं."

"माळ घातल्यावर रस्सा कसा चालंल?"

"मग दात गेलं असतील."

हे सगळ्यांना पटलं. कुणी लवंगेचं तेल आणून दिलं, कुणी बाभळीची साल. एका बाईनं आपल्या वारलेल्या सासूची कवळी पुढं केली, "धुऊन ठिवलीया, बसती का बगा." धोंडुबाईनं तेल हिरड्यांना लावलं, साल चावली, कवळी तेवढी परत केली. खरं कारण काही सांगितलं नाही. शेवटी कृष्णातनं तिला बळंच मोटारसायकलवर बसवून वडगावला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं आत बॅटरी मारून बघितलं. एवढ्या मजबूत दाढा त्यानं आजवर बघितल्या नव्हत्या. त्यानं बोट आत घालून एक दाढ हलवून बघितली, तेव्हा धोंडुबाईनं, आता उगाच कशाला संशय ठेवायचा, म्हणून जरा चावून दाखवलं.

खरं कारण त्या दहा निळ्या मेंढ्यांना ठाऊक होतं, कारण रोज सकाळी ती त्यांना सांगायची. "तुमास्नी नुसता लाडू, मला नुसता रस्सा. नव्वद दिस. कुणी कुणाकडं बगायचं न्हाय." पंक्तिभेद तर करावाच लागत होता, तो थांबवणं आता तिच्या हातात नव्हतं. मग निदान आपण कुठल्या ओळीत बसायचं ते तिनं ठरवलं. मटणाच्या वासानं जीव कासावीस व्हायचा, आणि मग ती मेंढरांच्या पोटातल्या त्या गोचिडांना मनसोक्त शिव्या घालायची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेटी पुन्हा आली, मॅडम पुन्हा आल्या. मोजणी झाली. अनुजा आकडे भरायला बसली. धोंडुबाई तिच्या मागं उभी राहिली आणि तिनं डोळे मिटून घेतले. तिला लॅपटॉपातलं काही कळत नव्हतं, पण रेघा किती ते तिला मोजता येत होतं, आणि मागच्या खेपेला एकच दिसली होती.

"मावशी, बघा."

तिनं डोळे उघडले. दोन रेघा होत्या. निळी वर, जिथल्या तिथं. लाल चांगली खाली उतरलेली, आणि दोघींच्या मध्ये मेंढरू जाईल एवढी वाट.

मॅडमनी प्रत्येक आकडा तपासला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या, आणि वही मिटून म्हणाल्या, "लिहायला घे." त्यांच्या लेखी ही मोठीच मिठी होती. अनुजानं धोंडुबाईला मात्र खरीच मिठी मारली. कृष्णातनं, आपलाही यात काही वाटा असावा असं वाटून, पेटीला एक थाप मारली. मॅडमनी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

धोंडुबाई हसत होती, पण तिचं लक्ष निळ्या वाघरीकडं होतं. एवढा आनंद चाललाय, आणि ज्यांच्या जिवावर हे ठरलं त्या दहाजणी कोपऱ्यात उभ्या. नव्वद दिवस त्यांनी पोकळ खाल्लं, ते कुणाच्या वहीत नाही. आता बोलावं तर पुन्हा काही बिघडायचं, या भीतीनं ती गप्प राहिली. आयुष्यात पंक्तिभेदाला ती पहिल्यांदाच गप्प राहिली होती आणि ते तिला फार जड जात होतं.

अनुजा स्कूटरपाशी गेली. येताना तिच्या हातात पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक स्टीलचा डबाही होता. पेढ्यांचा पुडा तिनं तसाच कृष्णातच्या हातात दिला, डबा घेऊन थेट निळ्या वाघरीत शिरली आणि झाकण उघडलं. चिंचोक्याच्या पुडीचा खमंग वास आला. आत दहा लाडू होते, कोल्हापुरातून वळून आणलेले.

"हे काय आणि?" मॅडम म्हणाल्या. "हे प्रयोगात नाही."

"प्रयोग झाला, मॅडम. यांचं जेवण राहिलंय."

ती डावीकडच्या पहिल्या मेंढीपासून सुरू झाली. एक लाडू, मग पुढची. घाई केली नाही, कुणाला ओलांडलं नाही. बांडी सहावी होती.

धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. मग आपल्या डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून ती वाघरीपाशी गेली आणि बांडीच्याच अंगावर खेकसली, "सावकाश खा की, भवाने. कोण काढून घेतंय आता?"